चाळीस टर्न मित्र, एकेचाळिसाव्या टर्नला शत्रू: संगणकाच्या मनात चालतं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘सिव्हिलायझेशन या संगणकावरच्या राज्य उभारायच्या खेळाचे ४, ५, ६ असे तिन्ही भाग खेळलोय. ४ मधल्या एका डावात शेजाऱ्याशी चाळीस टर्न व्यापार, खुल्या सीमा, धर्मही एकच. आणि एक दिवस अचानक त्याचं सैन्य माझ्या शहराबाहेर. बरं, मी उलट त्याची तीन शहरं घेतली तरी तो तहाला तयार नाही. संगणक फसवतो, की त्याला काही कळतच नाही? मला स्वतःचा छोटा स्ट्रॅटेजी गेम लिहायचाय, त्यात हे नीट कसं जमवू?’

मी सोळा वर्षं हेच काम करतोय. आधी सिव्हिलायझेशन ४ चे मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करून केलेल्या आवृत्त्या, केले, मग छोट्या संघांबरोबर टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायच्या, खेळांचे संगणकी प्रतिस्पर्धी लिहिले. तुमच्या सगळ्या शंकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. पडद्यावर ज्या राजाचा चेहरा दिसतो तो एक जीव नसतो. पेशवाईतले शब्द वापरायचे तर त्याच्या आत तिघं जण बसलेले असतात. एक वकील, म्हणजे दरबारात येऊन तुमच्याशी बोलणारा. दुसरा कारभारी, म्हणजे लढायचं की नाही, कुणाशी आणि कधी, हे ठरवणारा. तिसरा सेनापती, जो प्रत्यक्ष सैन्य हलवतो. प्रत्येकाचं दप्तर वेगळं. वकील दर टर्नला तुमच्या वागण्याची बेरीज-वजाबाकी करतो, कारभारी अधूनमधूनच निर्णय घेतो, सेनापतीला नकाशावरच्या समोरच्या चार घरांपलीकडचं फारसं दिसत नाही. तुम्हाला जो दगा वाटला तो या तिघांमधल्या फटीतून आलेला असतो.

उदाहरणाला सिव्हिलायझेशन ४ च घेतो, कारण तिथे अंदाज बांधत बसावं लागत नाही. हा खेळ २००५ मध्ये आला आणि २००६ मध्ये त्याच्या नियमांचं आणि एआयचं, म्हणजे संगणकी प्रतिस्पर्ध्याचं, सी++ मधलं कोड मॉडवाल्यांसाठी खुलं झालं. मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन, आणि एआयचं कामही मुख्यतः त्यांचंच. त्यातल्या वकिलाचा हिशोब तर पडद्यावरच लिहिलेला असतो: आपला धर्म एक आहे म्हणून इतके अधिक, सीमा खुल्या आहेत म्हणून इतके अधिक, आमच्या वैऱ्याशी व्यापार केलात म्हणून इतके वजा. बेरीज १० किंवा त्याहून जास्त झाली की तो जिवलग, ३ पासून पुढे खूश, वजा ३ किंवा त्याखाली नाराज, वजा १० किंवा त्याखाली संतापलेला, आणि मधे राहिला तर सावध. तुम्ही चाळीस टर्न ही बेरीज बघत होतात आणि निश्चिंत होतात.

कारभाऱ्याचं दप्तर मात्र दिसत नाही. तो दर टर्नला फासा टाकतो, आणि प्रत्येक राजाचा फासा वेगळा. सर्वंकष युद्धाचा एक, मर्यादित युद्धाचा दुसरा, आणि तिसरा अशा युद्धाचा की जिथे कुणीतरी आधीच मार खातोय आणि आपणही वाहत्या गंगेत हात धुऊन घ्यायचे. फासा अनुकूल पडला की तो शेजारी चाळायला बसतो: कोण जवळ आहे, कुणाची फौज आपल्यापेक्षा कमी आहे, कुणाची जमीन घेण्यासारखी आहे. मैत्रीची बेरीज इथे येते, पण फक्त गाळणी म्हणून. काही राजे ‘खूश’ असताना कधीच हल्ला करत नाहीत, काही खुशाल करतात. म्हणजे चाळीस टर्नच्या तुमच्या मैत्रीने त्याचा मोह कमी केला असेल, पण दार बंद केलं नव्हतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. कारभाऱ्याने निर्णय घेतला की युद्ध लगेच जाहीर होत नाही. कोडमध्ये ‘तयारी चालू’ अशी एक वेगळी अवस्था आहे. त्या काळात शहरांमधून फौजेच्या ऑर्डरी वाढतात, तुकड्या एका ठिकाणी जमतात. वकिलाला मात्र याचा पत्ता नसतो. तो तुमच्याकडे येतो, रेशमाच्या बदल्यात लोखंड मागतो, हसतो. तुम्ही त्या दिवसांत भेट पाठवलीत तर बेरीज वाढते, पण सुरू झालेली तयारी त्याने सहसा थांबत नाही. मग सैन्य पुरेसं जमतं आणि एक दिवस सीमा ओलांडली जाते.

एक खूण मात्र फुटते, आणि ती जुन्या खेळाडूंना तोंडपाठ आहे. व्यापाराच्या पडद्यावर त्याला एखाद्या तिसऱ्याविरुद्ध लढायला सांगून बघायचं. तो पर्याय लाल दिसत असेल तर त्यावर माऊस न्यायचा, म्हणजे नकाराचं कारण येतं. तिथे ‘सध्या आमच्या हातात पुरेसं काम आहे’ या अर्थाचं वाक्य आलं, आणि तो राजा तर कुणाशीच लढत नसेल, तर समजायचं की कारभाऱ्याने कुणाचं तरी नाव चिठ्ठीवर लिहिलंय. तुमचंच असेल असं नाही, पण त्याच्या सीमेला लागून तुम्ही एकटेच असाल तर भिंती बांधायला घ्या. तेव्हा फसवणूक झाली का? माझं उत्तर नाही असं आहे. तुम्हाला एकाची वही दाखवली आणि निर्णय दुसऱ्याने घेतला, एवढंच झालं.

सिव्हिलायझेशन ५ मध्ये, म्हणजे २०१० मध्ये, ही फट मुद्दाम रुंद केली गेली. तिथे प्रत्येक राजा तुमच्याबद्दल एक पवित्रा धरतो: युद्ध, वैर, कपट, सावधपणा, भीती, मैत्री किंवा तटस्थता. यातला कपट म्हणजे आपलं ओठात एक आणि पोटात एक. पडद्यावर गोड बोलणं चालू ठेवायचं आणि आतून शत्रू समजायचं. कल्पना म्हणून मला ती आवडते. पण सुरुवातीच्या आवृत्तीत वकिलाची बेरीजच लपवली होती, त्यामुळे खरा मित्र उलटला की कपटी उलटला हे खेळाडूला ओळखूच येईना आणि सगळेच लहरी वाटायला लागले. पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या आवृत्तीत, कारणं दाखवायला लागले तेव्हा ती ओरड बरीच कमी झाली. कपट रंगायला आधी मैत्री म्हणजे काय ते नीट दिसावं लागतं.

हे पवित्रे वाचताना मला दर वेळी कौटिल्य आठवतो, आणि तो काही ओढूनताणून आणलेला संबंध नाही. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात सहा गुण सांगितले आहेत: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. तह, वैर, गप्प बसून राहणं, चालून जायची तयारी, बलवानाचा आसरा, आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणं. कोणता कधी वापरायचा याचा पहिला निकष तुलनेचा: शत्रूपेक्षा आपण कमी पडत असू तर संधी, वाढत असू तर विग्रह. आणि त्याआधीच्या अधिकरणातलं राजमंडल म्हणजे शेजारी तो अरी, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. सिव्हिलायझेशन ६ च्या २०१८ मधल्या पुरवणी भागात चंद्रगुप्त आला तेव्हा त्याच्या विशेष क्षमतेला अर्थशास्त्राचंच नाव दिलं, आणि त्याचा स्वभाव असा लिहिला की सीमेला लागून असलेल्यांवर त्याचा राग, लांबच्यांशी बरं. मंडल सिद्धांताचं इतकं थेट कोड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तुम्ही स्वतःचा खेळ लिहाल तेव्हा कारभाऱ्याच्या अवस्था कोणत्या ठेवायच्या असा प्रश्न पडला तर हे सहा घेऊन बसा. विशेषतः ‘आसन’. बहुतेक नवे लोक युद्ध आणि शांतता अशा दोनच अवस्था ठेवतात, आणि मग त्यांचा एआय एक तर लढत असतो किंवा बावळटासारखा उभा असतो. जाणूनबुजून थांबणं ही वेगळी अवस्था हवी, तिला कारण हवं आणि मुदत हवी.

शिकण्यासाठी सर्वांत चांगलं कोड फ्रीसिव्हचं. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या शेवटी सुरू केलेला हा मुक्त खेळ आजही चालू आहे, आणि त्यातली राजनीतीची फाईल एका रविवारी वाचून होते. तिथे प्रत्येक खेळाडूबद्दल एक आकडा ठेवलाय, त्याचं नावच ‘प्रेम’. तो हळूहळू शून्याकडे सरकतो, म्हणजे उपकार आणि अपमान दोन्ही विरतात. तुमच्या तुकड्या त्याच्या हद्दीत उभ्या असतील तर प्रेम घटतं, तुम्ही दोस्त असलात तरी. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. युद्ध ठरलं की त्याला एक कारण चिकटवलं जातं आणि उलटमोजणी सुरू होते. कारणं मोजकी: समोरचा अवकाशयान बांधून जिंकायला निघालाय, त्याने करार मोडलेत, त्याचा द्वेष वाटतो, मित्राने हाक दिलीय, किंवा नुसतीच खुमखुमी. मोजणी चालू असताना तो आपल्या दोस्तांना कळवतो की इतक्या टर्ननंतर आम्ही अमक्यावर चालून जाणार आहोत, या. आणि मोजणी संपली की तेच कारण तुमच्या तोंडावर सांगून युद्ध पुकारतो. म्हणजे कारभाऱ्याची चिठ्ठी वकिलाच्या हातात पोचते. फट बुजवायला एवढंसं पुरतं.

आता सेनापती. इथे परिस्थिती जास्त वाईट आहे, आणि लोक याबद्दल कमी बोलतात. एम्पायर: टोटल वॉर २००९ मध्ये आला. त्यात १७०० सालापासून मराठे घेऊन खेळता येतं, म्हणून आपल्याकडे तो अनेकांनी हौसेने घेतला. पहिल्या आवृत्तीत संगणकाच्या सेनापतीला जहाजातून फौज परक्या किनाऱ्यावर उतरवताच येत नव्हती. कारभारी मात्र समुद्रापलीकडच्या राज्यांशी बिनदिक्कत युद्ध पुकारत होता. परिणाम असा की तुमच्यावर युरोपातली एखादी सत्ता युद्ध जाहीर करते, व्यापार तुटतो, आणि मग वर्षानुवर्षं कुणी येतच नाही. नंतरच्या पॅचमध्ये फौजा उतरायला लागल्या. ज्या खेळात समुद्र ओलांडणं हाच शंभर वर्षांच्या इतिहासाचा कणा आहे, तिथे ही उणीव केवढी मोठी होती ते वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण तुमच्या हातातलंच. सिव्हिलायझेशन ४ मध्ये एका घरात कितीही तुकड्या मावतात. संगणकाला हे सोयीचं: ढीग करा, बेरीज करा, समोरच्या ढिगापेक्षा मोठी असेल तर चाला. ५ मध्ये नियम बदलला, एका षटकोनात एकच लढाऊ तुकडी. आता कोण पुढे, कोण मागे, धनुर्धारी टेकडीवर चढवायचे की नदीमागे ठेवायचे, असे प्रश्न आले, आणि सेनापतीची पुण्यातल्या चौकासारखी कोंडी व्हायला लागली. पण कारभारी अजून जुन्याच पद्धतीने फौज मोजत होता. माझ्याकडे बारा, त्याच्याकडे सहा, म्हणजे मी दुप्पट. त्या सहांनी एका खिंडीत बसून बारांचा फडशा पाडला तरी पुढच्या वेळी हिशोब पुन्हा तोच. तुम्हाला जो ‘मूर्ख हल्ला’ दिसतो तो पुष्कळदा असा असतो.

तुमच्या तहाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. तीन शहरं घेतलीत म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे तो हरलाय. कारभाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकूण बेरीज आहे: त्याच्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तुकड्या, त्याची लोकसंख्या, त्याचं उत्पादन. ते सगळं धरून तो अजून तुमच्यापेक्षा मोठा असेल, तर तो हरतोय असं त्याला वाटायचं कारणच नाही. त्यात सिव्हिलायझेशन ४ मधले राजे युद्ध सुरू झाल्यावर काही टर्न बोलायलाच नकार देतात, आणि तो काळ किती, हेही राजागणिक वेगळं. म्हणून तह हवा असेल तर शहरांपेक्षा त्याची चालती फौज मारा. बेरीज तिथे घटते. उलट तुम्ही चौथं शहर घ्यायला गेलात आणि तुमच्याच तुकड्या मेल्या तर तह आणखी लांबतो.

या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो युरोपा युनिव्हर्सालिस ४, पॅराडॉक्सचा २०१३ मधला खेळ. तिथे तहाचा किंवा मैत्रीचा प्रस्ताव ठेवायच्या आधीच समोरच्याची सगळी कारणं अधिक-वजा आकड्यांसकट दिसतात: युद्ध किती लांबलंय, त्याची ताकद आता किती उरलीय, राजधानीला वेढा आहे का. नकार आला तर का आला ते कळतं, आणि ते बदलायला काय करावं तेही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ‘आक्रमक विस्तार’ नावाचा हिशोब. तुम्ही एक प्रांत गिळलात की आजूबाजूची सगळी राज्यं आपापल्या वहीत तुमच्या नावे टाचण करतात. जवळच्याच्या वहीत जास्त, लांबच्याच्या वहीत कमी, समधर्मी असेल तर आणखी वेगळं. हा आकडा साधारण ५० च्या पुढे गेला आणि मन कलुषित असलं की ती राज्यं तुमच्याविरुद्ध युती करू शकतात. एकेकटी ती तुमच्या वाटेला जात नाहीत. एकत्र ताकद पुरेशी वाटली की येतात.

हा खेळ १४४४ ते १८२१ चा आहे आणि त्यात मराठी संस्कृतीचं राज्य चालवून मराठा राज्य उभं करता येतं, म्हणून एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७६१ मध्ये भाऊसाहेब पानिपतावर होते तेव्हा उत्तरेतलं कोण त्यांच्या बाजूला उरलं होतं? वर्षानुवर्षांच्या चौथाईच्या वसुलीने आणि वारसांच्या भांडणांतल्या हस्तक्षेपाने दुखावलेले राजपूत अलिप्त राहिले. सूरजमल जाट आधी आला आणि निघून गेला. शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. एकेका मोहिमेत एकेकाच्या वहीत टाचण पडत गेलं होतं, आणि ज्या दिवशी ते सगळं एकदम वसूल व्हायचं तो दिवस आला. खेळातली ती यंत्रणा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे युरोप होता, पण आपल्या इतिहासाला ती अगदी चपखल बसते.

आता जरा वादाचा विषय. संगणकाने जिंकण्यासाठी खेळावं की भूमिका वठवावी? सोरेन जॉन्सन यांनी २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावरच भाषण दिलं होतं. त्यांचा रोख असा की बुद्धिबळात संगणकाने जिवाच्या आकांताने जिंकावं, पण सिव्हिलायझेशनसारख्या खेळात तो माणसासारखा निष्ठुर खेळायला लागला तर डाव बिघडतो. विचार करा: तुम्ही विजयाच्या दहा टर्न अलीकडे आहात. सहाही संगणकी राजे, ज्यात तुमचा चाळीस टर्नचा मित्रही आहे, एकदम तुमच्यावर तुटून पडले तर ते तर्काला धरून आहे. कुणीही माणूस तसंच करेल. पण मग मैत्रीला अर्थ काय राहिला? टोटल वॉर मालिकेतल्याच शोगुन २ मध्ये, २०११ मध्ये, हे उघड नियम म्हणूनच घातलं: तुमची कीर्ती एका पातळीपुढे गेली की शोगुन तुम्हाला शत्रू ठरवतो आणि घराणी एकामागून एक उलटतात. काहींना ते फार आवडतं, कारण शेवट कंटाळवाणा होत नाही. मला तो उपाय खटकतो. शंभर टर्न जपलेलं नातं एका आकड्याने पुसलं जातं तेव्हा खेळाडू पुढच्या डावात नातं जपायलाच जात नाही. माझं मत जॉन्सन यांच्या बाजूला झुकतं. मित्राने मित्रासारखं वागावं, अगदी त्यात त्याचं नुकसान झालं तरी, आणि विजयाला अडवायचं काम आधीपासून वैर असलेल्यांनी करावं.

गांधींच्या अणुबॉम्बचा विषय कुणीतरी काढतोच, म्हणून लगे हात. पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये, म्हणजे १९९१ मध्ये, आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन एकदम २५५ झाला आणि गांधी बॉम्ब टाकत सुटले, ही गोष्ट खरी नाही. मूळ खेळाचे निर्माते सिड मायर यांनीच २०२० मधल्या आपल्या आत्मचरित्रात ती खोडून काढली. सिव्हिलायझेशन ५ मध्ये मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल १० च्या मोजपट्टीवर १२ ठेवला होता. दर डावाला हे कल दोनपर्यंत वरखाली होतात, म्हणून १२ ठेवला की तो कधी १० च्या खाली येतच नाही. ती गंमत डिझायनरांनी जाणूनबुजून केलेली.

बोलता येणारी भाषा-मॉडेलं आल्यापासून लोक मला विचारतात की आता वकिलाचा प्रश्न सुटला ना? मेटाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये सिसेरो नावाचा प्रोग्रॅम मांडला. तो डिप्लोमसी खेळतो, १९५९ चा तो सात सत्तांचा पट, जिथे फासा नाही आणि सगळं बोलण्यावर चालतं. सिसेरोने ऑनलाईन ४० डाव माणसांबरोबर खेळले आणि एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांमध्ये वरच्या १० टक्क्यांत आला. पण त्याच्या पोटात बघा. कारभारी आधी ठरवतो की मी कोणती चाल करणार आणि समोरचा कोणती करेल असं मला वाटतं. हा बेत मग वकिलाच्या हाती दिला जातो आणि त्याला धरूनच तो निरोप लिहितो. सुमारे १ कोटी २९ लाख निरोपांवर शिकलेलं भाषेचं मॉडेल तिथे होतं, पण तेवढ्याने ते जमलं नसतं. बेत आणि बोलणं यांच्यात दोरी बांधली म्हणून जमलं. तुमच्या खेळात तुम्ही नुसतं चॅटचं मॉडेल राजाच्या तोंडी बसवलंत आणि ते कारभाऱ्याला जोडलं नाहीत, तर तो फार सुंदर भाषेत तुम्हाला मैत्रीचं वचन देईल आणि दुसऱ्याच टर्नला सैन्य येईल. म्हणजे जिथे होतो तिथेच.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. वरच्या पातळ्यांवर संगणकाला सवलती असतात हे खरं. सिव्हिलायझेशन ६ मध्ये डीटी या सर्वांत अवघड पातळीवर त्याला सुरुवातीलाच तीन सेटलर, म्हणजे शहर वसवणाऱ्या तुकड्या, मिळतात, तुम्हाला एक. पण या सवलती मुख्यतः पैशाच्या आणि फौजेच्या असतात, राजनीतीच्या फारशा नाहीत. तुमच्या शेजाऱ्याच्या हल्ल्याशी त्यांचा संबंध एवढाच की फुकटच्या फौजेमुळे कारभाऱ्याची बेरीज फुगते आणि तुम्ही त्याला कमकुवत दिसता.

आता तुमचा खेळ. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण बेटांवरच्या राज्यांचा एक खेळ करत होतो. मी कारभारी लिहिला, रात्रभर संगणक विरुद्ध संगणक असे डाव चालवले, आणि सकाळी पाहिलं तर उत्तरेच्या आणि पूर्वेच्या राज्यात साठ टर्नमध्ये अकरा युद्धं आणि अकरा तह. लॉग, म्हणजे टर्नवार नोंदींची फाईल, उघडला. टर्न ८६: राग ६१, उंबरा ६०, युद्ध. टर्न ८७: सूड घेतल्यामुळे राग तीनने उतरून ५८, उंबऱ्याखाली, तह. टर्न ८८: तह झाला पण पूर्वेच्या तुकड्या अजून सीमेवरच, त्याचा राग चार, एकूण ६२, युद्ध. नुसतं तळ्यात-मळ्यात. सेनापती बिचारा एक घर पुढे, एक घर मागे.

उपाय दोन होते. एक म्हणजे उंबरे वेगळे करणं: युद्धात शिरायला ६०, बाहेर पडायला ३५. हे थर्मोस्टॅटचं तंत्र आहे, कुठल्याही फ्रिजमध्ये असतं. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा ठरला: युद्धाला हेतू देणं. कारभाऱ्याने युद्ध जाहीर करताना कागदावर लिहायचं की मला अमुक बंदर हवंय, ते मिळालं तर थांबेन, वीस टर्नमध्ये मिळालं नाही तरी थांबेन, आणि तिसरा कुणी माझ्यावर आला तर लगेच थांबेन. हा कागद सेनापतीला जातो, त्यामुळे तो नकाशाभर भटकत नाही. तोच कागद वकिलालाही जातो, त्यामुळे तहाची मागणी आपोआप शहाणी होते. यात लक्ष्य निवडताना जिथे जास्त मिळतं त्यापेक्षा जिथे कमी मार पडेल तिथे वजन द्या. दगडापेक्षा वीट मऊ, हा विचार माणूस करतो, आणि संगणकाने केला की तो माणसासारखा वाटतो.

सेनापतीच्या नाकर्तेपणावर मी एक साधा आकडा ठेवतो, त्याला आम्ही ‘भरवसा’ म्हणायचो. सुरुवातीला १. प्रत्येक युद्धानंतर कारभाऱ्याने जितकं नुकसान करायचं ठरवलं होतं आणि प्रत्यक्ष जितकं झालं, त्याच्या प्रमाणात हा आकडा वरखाली होतो. पुढच्या वेळी आपली फौज मोजताना तिला या आकड्याने गुणायचं. दोनदा खिंडीत मार खाल्लेला राजा मग तिसऱ्यांदा दुप्पट फौज नसताना येत नाही. दहा-बारा ओळींचं काम आहे, आणि ‘याला अक्कल आली’ असं खेळाडू आपण होऊन म्हणतात.

आणि युद्धाच्या आधी पायऱ्या ठेवा. आम्ही तीन ठेवल्या: तक्रार, इशारा, कूच. तक्रारीत कारण सांगायचं, इशाऱ्यात काय केलं तर थांबेन ते सांगायचं, आणि कूच सुरू झाल्यावर सीमेवरच्या गावातून बातमी यायची की धूळ दिसतेय. कारभाऱ्याच्या निर्णयात आम्ही काहीही बदल केला नव्हता. तेवढीच युद्धं, त्याच टर्नना. पण ज्या टेस्टरांनी आधीच्या आवृत्तीला ‘लहरी’ म्हटलं होतं त्यांनीच आता एआय हुशार झालाय असं लिहून पाठवलं. इशाऱ्याला मान देऊन खेळाडूने मागणी पुरी केली तर मात्र हल्ला रद्दच झाला पाहिजे. इथे एकदा जरी शब्द मोडलात तर पुढचे सगळे इशारे वाया जातात.

कामाचा क्रम विचाराल तर आधी लॉग, मग कारभारी, मग सेनापती, वकील सर्वांत शेवटी. लॉगमध्ये प्रत्येक युद्धापुढे माणसाला वाचता येईल असं एक वाक्य छापा. मग रात्री दोनशे डाव लावा आणि सकाळी कोण जिंकलं ते बघू नका. किती युद्धं एकही ठिकाण हातबदल न होता संपली ते मोजा. तो आकडा कमी होत गेला पाहिजे.

आणि तुमच्या त्या डावाचे ऑटोसेव्ह अजून असतील तर हल्ल्याच्या दहा-बारा टर्न आधीचा उघडा. त्या शेजाऱ्याच्या व्यापाराच्या पडद्यावर जा, त्याला कुणाही तिसऱ्यावर चाल करायला सांगायचा पर्याय शोधा आणि लाल अक्षरांवर माऊस न्या. काय कारण येतं ते मला कळवा, पुढचं त्यावरून बोलू.